दोन हजार मीटर खोलीच्या नळ्या

"माझा समुद्र कुठाय, दाजी?"

"कुठला समुद्र? डोकं फिरलंय का तुझं?"

"दोन हजार मीटर खालचा! या खोक्यात होता. दोन नळ्या गायब आहेत!"

गोविंदा ताटावरून अर्धा उठला. सकाळपासून त्याचं टाळकं सटकलेलंच. साडेतीन वाजता कुठे जेवायला बसलेला, तर मेव्हणी छातीवर येऊन उभी. मानपाड्यात तेवीस वर्षं एसी-फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, त्याला त्याच्याच घरात चोर म्हणतात म्हणजे काय! ही निशिगंधा महिनाभर संशोधनाच्या जहाजावर उलट्या करून काल आली, खोकं ठेवलं नेमकं त्याच्या सामानाजवळ, आणि झोपली ती आत्ता उठली.

"कसल्या नळ्या?"

"तांब्याच्या. दोन्ही टोकं दाबून बंद केलेल्या."

गोविंदाने हातातला घास ताटात परत ठेवला. कारण तांब्याच्या नव्या पाईपची दोन्ही टोकं दाबूनच ठेवायची, आत दमट हवा जाता कामा नये, हा गोविंदाच्या धंद्यातला पहिला नियम. आणि कालच आनंदच्या दुकानातून नवा माल आलेला. सकाळी त्याने घाईत दोन नळ्या उचलल्या नि गिऱ्हाईक विमलाबाईंच्या एसीपाशी शिडी लावून चढला. एक कापली, फुंकर मारायला तोंडात धरली, तर तोंडभर खारं पाणी! उरलेलं गेलं थेट एसीत. विमलाबाई खालून ओरडतायत, "अरे मेल्या, माझ्या एसीत मीठ कोणी घातलं?"

"बरं, मग?" त्याने हे सगळं सांगितल्यावर निशिगंधाचा आवाज चिरकला.

"मग काय! मला वाटलं, आनंद वजन वाढवायला पाईपात पाणी भरून विकतोय. गेलो दुकानात. पाच गिऱ्हाइकांसमोर त्याची काढली."

"आणि माझी नळी?"

"गेली ती. अगं पाणीच ना? मुंब्र्याच्या खाडीतून भरून आणतो. अशी दाबून देतो की कोणाच्या बापाला कळणार नाही!"

"मशीनला कळतं! हवा लागली की ते पाणी मेलं. पाण्यात विरघळलेला गॅस सांगतो, हे पाणी हवेला शेवटचं कधी भेटलेलं. चार वर्षं घासतेय मी याच्यावर, दाजी! तेवढ्या खोलीवरचं पाणी फक्त या दोन नळ्यांत होतं!"

"कसला गॅस?"

"जुन्या फ्रिजमधला. आर-बारा."

गोविंदाने ताट बाजूला सारलं. त्याच्या डोळ्यांसमोर ते शिकाऊ दिवस आले. जुना फ्रिज आला की आधी पाईप कापायचा, फुस्स करून गॅस सोडायचा, मग चहा. असे किती फ्रिज! मग तो एकदम पेटला.

"अगं मग तो गॅस मीच सोडलाय! तुझ्या समुद्रात माझा माल, आणि वर मीच चोर?"

"तुमचा माल किती खोल पोचलाय, तेच मोजतेय मी! आणि तुम्ही पुरावाच पिऊन बसलात!"

"थुंकलो मी!"

"म्हणजे यांचा पसारा तिथेपण?" त्याची बायको जया पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "घरात काय कमी होता!"

"तू मध्ये बोलू नकोस!"

"दुसरी कुठाय?" निशिगंधाने त्याचा शर्टच धरला. "दोन होत्या. एक गेली तर दुसरी, म्हणूनच दोन भरतात. ती पण कापलीत?"

"नाही कापली."

"मग द्या ना!"

"आनंदकडे आहे. गल्ल्यावर आपटून आलो. म्हटलं, काप सगळ्यांसमोर! तर म्हणतो, आत्ता नाही, चार वाजता कंपनीचा माणूस येतोय, त्याच्यासमोर कापतो. पाणी निघालं तर दुकान बंद करेन, नाही निघालं तर तू भर चौकात माफी मागायची."

"मग फोन करा, लवकर!"

"ब्लॉक केलंय त्याने मला."

"जयाताईच्या फोनवरून?"

"तिला पण केलंय. आणि तुझा अनोळखी नंबर तो उचलायचा नाही. त्याच्या बायकोला पण ऐकवून आलोय मी."

जयाने लाटणं खाली ठेवलं. "थांबा. म्हणजे त्याने नळी कापली, तर पाणी निघणार. तुम्ही जिंकणार."

"हो."

"आणि नाही कापली तर?"

गोविंदाने घड्याळाकडे पाहिलं. कापली तर तो सगळ्या मानपाड्यात खरा, आणि या पोरीची चार वर्षं गटारात. वाचवायची तर त्याच पाच गिऱ्हाइकांसमोर उभं राहून सांगायचं, पाईप तुझा नाही, चोर मीच. ज्या आनंदला सकाळी बेइमान म्हणालो, त्याच्यापुढे हात जोडायचे. आयुष्यात गोविंदाने कोणाची माफी मागितली नव्हती. लग्नात सासऱ्याची पण नाही.

निशिगंधा रडत नव्हती. नुसती बघत होती. रडली असती तर परवडलं असतं.

"दाजी," ती हळूच म्हणाली, "काय म्हणायचं ते लिहून देऊ का?"

"काही नको! माफी मला येते मागता!"

"कधी मागितलीत?" जयाने विचारलं.

"हसू नकोस गं! स्कूटरची चावी कुठाय? कोणी उचलली माझी चावी? या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही!"

"हातात आहे तुमच्या."

घड्याळात चारला आठ कमी. गोविंदाने उष्टा हात शर्टालाच पुसला, उलट्या पायात चपला घातल्या आणि दारातून ओरडला, "आल्यावर भांडतो तुम्हा दोघींशी! आत्ता निघायला पाहिजे मला."