दह्याशेजारची बाटली

आमच्या गल्लीत कोणाचाही वाढदिवस असो, नाना केकआधी फुगे तपासतात. ताणून बघतात, कानाशी धरतात आणि चांगला निघाला की मागूनच घेतात. परवा माझ्या नातवाचा पिवळा फुगा नेला. पोरगं रडलं, नाना हरखले.

नाना म्हणजे माझे शेजारी, धुळ्याच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मागच्या खोलीत त्यांची प्रयोगशाळा. काचेच्या चंबूवर नायट्रोजन भरलेला फुगा, आत तांब्याची तार. मी इथे नवी होते तेव्हा गल्लीभर सांगत सुटले, की प्राध्यापक दारू गाळतात. पदर नाकाला लावून खिडकीशी वासही घेऊन यायचे. वय चाळिशीचं, अक्कल चौदाची.

शेवटी नानांनीच समजावलं. ॲक्रिलिकच्या रेणूंची माळ करायची, पण एकेक मणी ओवत. तांबं माळेच्या टोकाचं टोपण काढतं, मणी ओवला की परत घालतं. म्हणून बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच, माळा सारख्या वाढतात. हवा शिरली की खेळ खलास, म्हणून वर तो फुगा. टोपण शाबूत असलं तर मात्र थांबलेली माळ वर्षांनीही पुढे वाढते. माळ जिवंत आहे हे सांगताना त्यांचा आवाज चौकापर्यंत जातो, "जित्ती शे, अक्का, अजून जित्ती शे!"

त्यांच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी पांढऱ्या भुकटीची बाटली असायची. उन्हाळ्यात लाईट गेली की ती ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या माठाशेजारी आणून ठेवायचे. दही खुशाल आंबू द्यायचे.

ती भुकटी म्हणजे अर्ध्यावर थांबलेल्या माळा, पहूरच्या प्रज्ञाने, नानांच्या शेवटच्या विद्यार्थिनीने, केलेल्या. वडील आजारी पडले, पीएच.डी. अर्धी टाकून ती गावी गेली ती गेलीच. काल भेटायला आली. म्हणाली, सर, सगळं विसरले. नानांनी दह्याशेजारून बाटली काढली.

तिने बाटली उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "ही वाढली, तरच मी पुन्हा सुरू करीन."

भुकटी विरघळवली, नवं ॲक्रिलिक घातलं, तांबं घातलं, हवा काढली. वर नातवाचा पिवळा फुगा. चंबूत चुंबकाची कांडी गरागरा फिरू लागली. मी शेवभाजी करून नेली, कोणी हात लावला नाही. मीही नाही.

दुपार कलली आणि कांडी मंदावली. अडखळली.

"सर, दाटतंय," प्रज्ञा म्हणाली. "वाढतेय."

आता नाना ओरडणार म्हणून मी कानांवर हात नेले. ते ओरडलेच नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले, आणि मला जेमतेम ऐकू येईल असं प्रज्ञाला विचारलं, "उद्या येशील ना?"

प्रज्ञाने खांद्यावरची पिशवी काढली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली. ती गेल्यापासून त्या खुंटीवर इतक्या वर्षांत नानांनी काहीच टांगलेलं नव्हतं.