वरच्या मजल्यावरचा बासरीवाला

"डोळे मीट," चष्मेवाले म्हणाले. "आता सांग. ही बासरी बरी, का ही?"

"दोन्ही सारख्याच."

"नीट ऐक गं. ही... का ही?"

"अहो, मी दिवसभर लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आलेय," सोफ्यावर आडवी झालेली बायको म्हणाली. "मला आता दोन्ही बासऱ्या कुकरच्या शिट्टीसारख्या ऐकू येतायत. एक कुठली तरी ठेवा आणि मला सोडा."

एक कुठली तरी ठेवणं हेच तर चष्मेवाल्यांना जमत नव्हतं. उभा जन्म दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर काचा बदलत "ही बरी का ही?" विचारण्यात गेलेला. ती सवय घरी येताना दुकानाच्या शटरमागे थोडीच राहते? त्यात मेहुण्याने आगीत तेल ओतलं. मेहुणा ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला. त्याने चष्मेवाल्यांच्या जुन्या गिटारला तारांखाली त्यांची थरथर टिपणारा एक चपटा पिकअप बसवून दिला, त्याची वायर संगणकाला जोडली आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही नुसती तार छेडा. कुठला सूर ते संगणक ओळखेल आणि तुम्ही म्हणाल त्या वाद्यात वाजवेल. बासरी म्हणा बासरी, व्हायोलिन म्हणा व्हायोलिन. खऱ्या वादकांचे सूर एकेक टिपून आत भरून ठेवलेत. त्यालाच सॅम्पलर म्हणायचं. फक्त एक करा. दोन-तीन वाद्यं निवडा आणि त्यांवर हात बसवा. गोळा करत सुटू नका."

चष्मेवाले गोळा करत सुटले. विकत घेण्याआधी चाचणीसाठी फुकट मिळणारी जेवढी म्हणून वाद्यं होती, ती त्यांनी संगणकात उतरवून घेतली. दुपारी दुकान बंद ठेवायचं, घरी येऊन दोन घास खायचे आणि बायको लॅबमधून परतेपर्यंत वाद्यं तपासायची असा परिपाठ पडला. हेडफोन लावावा तर चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतत. म्हणून सगळा कारभार स्पीकरवर.

खालच्या मजल्यावर मोठ्या बाई राहत. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळी गल्ली अजून त्यांना मोठ्या बाईच म्हणे. भिंतीपलीकडच्या वर्गातला गोंधळ ऐकून कोण कुठल्या बाकावर बसून बोलतंय हे त्या सांगत. त्या कानांना आता दुपारचं दुसरं काही काम नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांनी चष्मेवाल्यांच्या बायकोला जिन्यात गाठलं.

"काय गं, पाहुणे अजून किती दिवस आहेत?"

"कुठले पाहुणे?"

"लपवू नकोस. एक बासरीवाला आहे, एक व्हायोलिनवाला आहे, पियानोवर कुणी तरी नवशिका बसतो. त्यांना येताना कुणी बघितलं नाही, जाताना कुणी बघितलं नाही. म्हणजे राहतात. आणि ती बाई कोण?"

"बाई?"

"तू कामावर गेलीस की येते. गोड आवाज आहे. दोन-तीन शब्द बोलते, गप्प बसते. थोड्या वेळाने पुन्हा तेच शब्द."

बायको दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. दार उघडताच तिने विचारलं, "अहो, बाई कोण?"

चष्मेवाल्यांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा ते इतके हसले, की बायकोचा संशय आणखीच वाढला. शेवटी त्यांनी संगणक लावून बाई ऐकवली. चाचणीची वाद्यं कुणी फुकटात वाजवत बसू नये म्हणून कंपनीने ध्वनिमुद्रित करून मधूनमधून तिला आत पाठवलं होतं. ती परक्या वळणात, पण अगदी मार्दवाने म्हणे, "कृपया खरेदी करा."

"काय खरेदी करा म्हणते ही?"

"व्हायोलिन."

"आणि हे खाली मोठ्या बाईंनी ऐकलंय," बायको कपाळावर हात मारून म्हणाली. "आणि मोठ्या बाईंनी ऐकलं म्हणजे घरमालकांनी ऐकलं."

तिचं खरं ठरलं. रविवारी सकाळी मालक मोठ्या बाईंना पुढे घालून दारात हजर झाले. भाडेकराराची मुदत संपत आली होती आणि करारात घर दोघांनाच दिलेलं होतं.

"घर दोघांना दिलं," मालक म्हणाले. "तुम्ही आत वाद्यवृंद भरलात."

"अहो, सगळे आवाज या एका गिटारमधून येतात."

"गिटारमधून बासरी?" मालकांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहावं तसं चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "वाजवून दाखवा," मालक म्हणाले.

चष्मेवाल्यांनी गिटार उचलली. आधी पियानो लावला. आणि पियानो लावला की ही यंत्रणा काही म्हणजे काही पोटात ठेवत नाही. बोट चुकून तारेला घासलं, तरी तिथे एक स्वर खणखणीत वाजतो. दोन ओळींत पियानोवरून मांजर धावल्यासारखं झालं.

"तोच नवशिका," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण तो आहे कुठे?"

"थांबा, व्हायोलिन लावतो." घाईत चष्मेवाल्यांनी सगळ्यांत बडं व्हायोलिन लावलं. ते इतकं बडं होतं, की त्यांच्या म्हाताऱ्या संगणकाला ते एकदम झेपेना. त्यांनी तार छेडली. खोलीत शांतता. मग हात थांबल्यावर सावकाश व्हायोलिन सुरू झालं.

मालकांनी चुटकी वाजवली. "सापडलं! हात आधी हलतो, आवाज मागून येतो. हे नुसतं हातवारे करतायत. वाजवणारा आत आहे."

मालक उठले आणि झोपायच्या खोलीत गेले. त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं, न्हाणीघराचं दार ढकललं, कपाट उघडलं. बायको त्यांच्या मागोमाग होती. कपाटातले कोंबलेले कपडे मालकांच्या अंगावर कोसळले, तेव्हा तिची मान शरमेने खाली गेली आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "कृपया खरेदी करा."

मालक डोक्यावरची ओढणी सारत बाहेर धावले. आणि सभ्य माणूस असल्यामुळे त्यांनी स्पीकरला नमस्कार केला. "बाई, तुम्ही कुठून बोलताय?"

आता मात्र बायकोचा संयम सुटला. तिने गिटारची वायर धरली आणि सरळ उपटून काढली. "वाजवा आता!"

चष्मेवाल्यांनी वाजवलं. ना पियानो, ना व्हायोलिन. गंजक्या तारांची बारीक टिंग टिंग तेवढी झाली. तिने वायर परत जोडली, संगणकावर बासरीची खूण दाबली आणि म्हणाली, "पुन्हा." या वेळी बासरी वाजली. वायर काढली, टिंग टिंग. जोडली, बासरी.

मालकांनी खाली बसून पाणी मागितलं. "करार पुढे चालू," ते म्हणाले. "पण तो नवशिका आणि ते रेंगाळणारं व्हायोलिन बंद. आणि या बाईंची रजा."

"कबूल," चष्मेवाल्यांच्या आधी बायको म्हणाली.

मोठ्या बाई मात्र उठल्या नव्हत्या. चष्मा काढून त्या पदराने उगीचच काचा पुसत होत्या.

"म्हणजे बासरीवाला नाहीच?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मीच तो," चष्मेवाले म्हणाले.

"मी तक्रार बाकीच्यांची केली होती. बासरीवाल्यांबद्दल तक्रारीचा चकार शब्द काढला नव्हता. दुपारचा चहा मी त्यांच्यासाठी थांबवून ठेवायचे." त्यांनी चष्मेवाल्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला. "असू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाल्यांनी मोठ्या उमेदीने बासरी लावली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी त्यांच्या वाजवण्यासाठी चहा थांबवला होता. नेहमीचीच बासरी, नेहमीचीच धून. चार ओळी झाल्या नाहीत तोच दारावर थाप पडली. दारात मोठ्या बाई.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पण त्यांची सर नाही. ते कसे सूर सोडताना जरा रेंगाळायचे. तुम्ही उरकताय."

"अहो बाई, पण ते म्हणजे मीच..."

"माहीत आहे मला ते. तरीपण."

चष्मेवाले उघड्या दारात उभे राहिले. आपल्याहून बरा वाजवणारा तो माणूस क्षणभर त्यांना मनापासून खुपला. शेवटी ते म्हणाले, "बघतो. आज येतायत का विचारतो."

दार लावून ते परत बसले. संगणकावर दुसरी बासरी शोधायला गेलेला हात त्यांनी आवरला. गिटार मांडीवर नीट घेतली, घाई केली नाही, शेवटचा सूर संपेपर्यंत तारेवरचं बोट उचललं नाही.

खालच्या खिडकीतून कपबशीचा आवाज आला आणि पाठोपाठ मोठ्या बाईंचा.

"आले वाटतं!"