उघडून दाव की

यंदाच्या खंडेनवमीला अप्पांना आपलं काम दाखवायचंच, असं सोमेशनं ठरवून टाकलं होतं. मल्लिकार्जुनशेठच्या भुईकाट्यावर ट्रॅक्टर चढला, की वजन, भाव, हिशेब सगळं झटक्यात पडद्यावर येतं, ते सॉफ्टवेअर त्याचं होतं. उदगीरच्या मोंढ्यात, त्या अख्ख्या धान्यबाजारात, आपल्याइतका हुशार माणूस नाही, असं त्याचं स्वतःचं प्रामाणिक मत होतं. ते पटवायचं राहिलं होतं फक्त घरी!

अप्पा म्हणजे त्याचे वडील, चंद्रप्पा सुतार. गावातून चालताना त्यांचं बोट सारखं वर. ते दार माझं, तो झोपाळा माझा. मागं सोमेशनं त्यांना काट्यावर नेलं, तेव्हा त्यांनी पडदा टकटक वाजवून पाहिला.

"हे तू केलास?"

"न्हाई अप्पा, हे विकतचं."

"मग ही पेटी?"

"तीबी विकतची. माझं आतलं हाय."

"उघडून दाव की."

आता उघडून काय दाखवणार, कप्पाळ! अप्पा नुसतं 'बरं बरं' म्हणाले. ते बरं बरं सोमेशला अजून सलत होतं. अप्पांचं बोट एकदा तरी आपल्या कामाकडं वळावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं काट्याच्या पडद्यावर ठळक अक्षरांत 'चंद्रप्पा सुतार' घातलं, भोवती झेंडूची नक्षी काढली. पूजा झाली की अप्पांना न्यायचं आणि गुपचूप त्यांचं तोंड बघायचं, असा बेत.

सकाळी अप्पांनी रंधा, करवत, पटाशी पुसून पाटावर मांडली आणि कुणी न सांगता मधोमध सोमेशचा लॅपटॉप ठेवला. हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. सोमेशला भरून आलं.

तेवढ्यात शेठचा फोन. पडद्यावर झेंडू आणि चंद्रप्पा, बाकी काही नाही! वजन येईना, सोयाबीनचे ट्रॅक्टर पार हमरस्त्यापर्यंत तुंबलेले. दुरुस्ती व्हायची ती लॅपटॉपवरूनच, आणि पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. अप्पांनी उभ्या जन्मात नवमीला पूजलेल्या रंध्याला हात लावला नव्हता. सोमेश पाटासमोर नुसता उभा राहिला. इतक्या वर्षांनी मिळालेला मान स्वतःच्या हातानं कसा उचलायचा?

अप्पांनी काय झालं ते विचारलं. मग देवाला हात जोडले, लॅपटॉप स्वतः उचलला, धोतराच्या सोग्यानं हळद पुसली.

"मानसं खोळंबलीत. चल."

मोंढ्यात जो तो विचारत होता, हा चंद्रप्पा कोण हाय रे? अप्पा एका ट्रॉलीमागं जाऊन उभे राहिले. सोमेशनं झेंडू काढला, नाव काढलं. आकडे आले, ट्रॅक्टर हलले आणि बघण्यासारखं काही उरलं नाही.

"माझं नाव काढलास?"

"त्याच्यानंच अडलं हुतं, अप्पा."

"बरं बरं," अप्पा म्हणाले. सोमेशला वाटलं, संपलं. परत तेच.

दसऱ्याला शेजारीपाजारी आपट्याची पानं घेऊन आले. अप्पा मोठ्या ऐटीत सांगत होते, "आमच्या सोमेशचं काम लई मोठं हाय. काल अख्खा मोंढा बंद पाडला त्यानं."

सोमेशनं त्यांची चूक सुधारायला तोंड उघडलं. पण अप्पांचं बोट त्याच्याकडं वळलेलं होतं. त्यानं तोंड मिटून घेतलं.