गोगलगाईचं ना-हरकत पत्र

एका वाळवंटात सकाळपासून भांडण जुंपलं होतं. मुलांनो, कान टवकारा.

"बीळ तुझं नाही, आजीबाई!" खोकड ओरडत होता. तो उंटराजांचा जमीन-अधिकारी.

"मग काय तुझ्या बापाचं?" धुरपता घोरपड फिस्कारली.

झालं होतं असं. बीळ उकरताना धुरपताला दगड झालेले शंख सापडले. म्हातारीने हौसेनं ते उंबऱ्याशी मांडले. खोकडाने पाहिले आणि लगेच शास्त्र काढलं. शंख आहेत, म्हणजे इथे समुद्र होता. समुद्र होता, म्हणजे मूळ रहिवासी समुद्रातली गोगलगाय. म्हणजे धुरपताचं बीळ हे अतिक्रमण!

अख्ख्या राज्यात थंड जागा तेवढीच, शमीच्या सावलीतली. उंटराजांना दुपारी डुलकी लागायची. पण तो आपला योगायोग हं.

"गोगलगाईचं ना-हरकत पत्र आण आणि खुशाल राहा," खोकड म्हणाला.

"अरे मुडद्या, ती मरून दगड झाली!"

"मग वारसाची सही चालेल."

बिळात बावीस अंडी होती. घोरपडीचं अंडं हलवताना उलटलं, की आतलं पिल्लू गेलंच. खोकडाला हे माहीत होतं. तरी बीळ रिकामं करायला मुदत दिली ती सूर्यास्तापर्यंतच.

भोवती जमलेले प्राणी माना डोलावत होते. "बाई, कायदा तो कायदा," तरस म्हणालं. त्याच्या गुहेत शंख निघाले नव्हते.

तोंड वाजवून अंडी वाचायची नाहीत, हे धुरपताने ओळखलं. ती सरळ उंटराजांच्या टेकाडाकडे सरपटली. कुणी हां हां म्हणेपर्यंत तिने बैठकीखाली नखं घातली. भसाभस माती ढासळली. आत शंखच शंख! उंटराज एका अंगाला कलले.

"हे... हे काय आहे?" त्यांनी खोकडाला विचारलं. खोकड ढगांकडे पाहू लागला. ढग नव्हते.

धुरपताने एक शंख महाराजांच्या पुढ्यात टाकला.

"महाराज, तुमच्या बुडाखाली तर गोगलगाईंचं अख्खं गाव निघालं, तेव्हा सूर्यास्ताला माझी अंडी हलतील, तशी तुमची गादीही हलू द्या!"

तात्पर्य: शंख समुद्रातला की नुसता खडा, हे तो कुणाच्या घराखाली निघतो त्यावर ठरतं. म्हणून एखादं सत्य नडलं, तर त्याच्याशी वाद घालत बसू नये. तेच सत्य राजाच्या बैठकीखाली उकरून दाखवावं. तिथे ते लगेच खोटं ठरतं.