साठ वर्षांचा अनुभव

शंकासुराला नोकरी मिळणार, याबद्दल घरात एकाच माणसाला शंका नव्हती आणि तो माणूस म्हणजे खुद्द शंकासुर. हे नाव त्याला बायकोने ठेवलं होतं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा त्याचा धंदा. जुनी कंपनी बुडाल्यापासून तो घरातल्या चुका शोधत होता, त्यामुळे नोकरीची निकड त्याच्यापेक्षा तिलाच जास्त होती.

सासऱ्यांनी तर सांगूनच टाकलं होतं, "या वेळी जमलं नाही, तर सोमवारपासून आमच्या दुकानात बसा, जावईबापू. गल्ल्यावर घरचा माणूस बरा."

दुकान नळांचं होतं. आपण नळ विकतोय, ही नुसती कल्पनाही शंकासुराला सहन व्हायची नाही.

"मुलाखतीची तयारी झाली का?" बायकोने विचारलं.

"उत्तरं पाठ करून जातात ते पोपट. मी त्यांच्याच सॉफ्टवेअरमधली चूक पुराव्यासकट त्यांच्या टेबलावर ठेवणार."

"आणि ते म्हणाले, चूक नाहीच, तर?"

"म्हणणारच. चूक दाखवली की प्रोग्रॅमरचं ठरलेलं उत्तर असतं, 'आमच्याकडे तर नीट चालतंय.' ते ऐकलं ना, की माझं डोकंच फिरतं."

चूक शोधायला त्याने कंपनीचा नोकरीसाठीचा ऑनलाइन अर्जच धरला. स्वतःचा अर्ज भरून झाल्यावर त्याने एक खोटा उमेदवार जन्माला घातला. वय तीस. अनुभव? सासऱ्यांच्या दुकानावरची पाटी आठवली, 'साठ वर्षांचा अनुभव'. दिला ठोकून. एकच मोबाइल नंबर दोनदा चालेना, म्हणून तिथे सासऱ्यांचा टाकला. जन्माच्या तीस वर्षं आधी कामाला लागलेल्या त्या गृहस्थाचे कंपनीने मनापासून आभार मानले. शंकासुराने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मुलाखतीच्या दिवशी तो पुरावा काढणार, तोच समोरच्या मॅडमनी हात वर केला.

"तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. जागा एकच होती, ती भरली. आमची यंत्रणा अनुभव बघून निवड करते. पहिल्या उमेदवाराला साठ वर्षांचा अनुभव आहे."

शंकासुराने घाईघाईने विचारलं, "त्यांचं वय काय, मॅडम?"

"तीस."

"तीस वर्षांच्या माणसाला साठ वर्षांचा अनुभव कसा असेल?"

"तेच तर. एवढी मेहनत हल्ली कोण घेतं?"

"अहो, तो माणूसच नाहीये. तुमच्या अर्जातली चूक दाखवायला मीच तो भरला."

"नाहीये कसा? काल बोलले मी त्यांच्याशी. आवाज जरा थोराड वाटला, पण अनुभवाने होतं तसं. साठ वर्षं खरंच का, विचारलं, तर म्हणाले, पाटीवर लिहिलंय, येऊन बघा. असा आत्मविश्वास लागतो." मग मॅडमनी चष्मा काढला. "आणि खोटे अर्ज भरणारी माणसं आम्ही घेत नाही. राहता राहिला आमचा अर्ज. आमच्याकडे तर तो नीट चालतोय."

शंकासुर तडक दुकानात गेला. सासरे विकायला ठेवलेल्या बेसिनच्या आरशात बघून टाय बांधत होते.

"बाबा, तुम्ही चक्क हो म्हणालात?"

"पगार ऐकून नाही म्हणवेना. बाईंनी विचारलं, चुका काढणं जमेल का? म्हटलं, जावई ऐकवतो ते रोज ऐकतोय, आता पाठच झालंय."

"मग दुकान कोण बघणार?"

सासऱ्यांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला.

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक नळ घेऊन परत आलं. "परवाच नेला हो. सारखा गळतोय."

शंकासुराने नळ उलटसुलट करून पाहिला. दुकानातल्या पाइपाला लावला, उघडला, बंद केला. टिपूस गळेना. त्याने पुन्हा एकदा पाहिलं आणि काय बोलतोय हे कळायच्या आत बोलून गेला, "आमच्याकडे तर नीट चालतोय."