तुळजाक्का ओळख दाखवत नाही

आमच्या गल्लीत तुळजाक्कानं एखाद्याला ओळख दाखवणं बंद केलं, की खुशाल समजावं, हा माणूस तिच्यासमोर बसून रडून आला.

तुळजाक्का समुपदेशक आहे. कॉलेजात मुलांचं ऐकून घ्यायची नोकरी करून निवृत्त झाली, आणि आता कुंभकोणमात घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांचं ऐकते. एका वेळी एकच माणूस, पन्नास मिनिटं. दोन वेताच्या खुर्च्या, एक घड्याळ, आणि डोळे पुसायला धुतलेला पंचा. 'मी कुणाच्याच कामाची नाही', 'नवरा धड बोलत नाही' अशी दुखणी घेऊन तिरुभुवनमचे विणकरसुद्धा बस पकडून तिच्याकडे येतात.

तिचा नियम कडक. कोण येतं ते बाहेर फुटता कामा नये. म्हणून खोलीबाहेर ती आलेल्याला ओळखतच नाही. बाजारात समोर आला, तर भेंडीकडे बघते. आता जिला जन्मापासून अक्का म्हणतो, ती एकाएकी भेंडीकडे बघायला लागली, तर अख्ख्या गल्लीला कळणार नाही का? पण एवढ्या शहाण्या बाईच्या हे काही लक्षात येत नाही. गेल्या लग्नात तर तिनं सगळ्या पंगतीत दोघांनाच ओळखलं, तमिळ भटजींना आणि मला. बाकीचा मांडव खाली मान घालून जेवत होता.

मला ती लांबून हाक मारते. "गोंदा! दळलें कां रे?" माझं कॉफी भाजून, दळून विकायचं दुकान. रोज सकाळी येते आणि पन्नास ग्रॅम पूड नेते. "अक्का, अर्धा किलो ने कीं एकदांच," मी शंभरदा सांगितलं असेल. "पूड शिळी होते रे," हे तिचं ठरलेलं उत्तर. मग कॉफीच्या पोत्यावर बसून आमच्या जुन्या तंजावरी मराठीत पाऊण तास गप्पा. खोलीत मात्र मराठीचं नाव नाही. समोर आमच्यातलं माणूस असलं तरी तमिळच. "मराठींत बोललें कीं ती वहिनी होते, तो दीर होतो," म्हणते. "वहिनी कधीं नणंदेस खरें सांगते होय?"

एका गुरुवारी देवळात तिनं माझ्या बायकोकडे पाहिलं नाही. कावेरी हातभर अंतरावर उभी, आणि अक्का दगडी खांब न्याहाळत होती.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय सांगतेस तिला?"

"कांही नाही."

कावेरी म्हणजे ताट वाढण्याआधीच 'सांबार बिघडलें असेल हो' म्हणून माफी मागणारी बाई. तीन महिन्यांत ती वाढून माझ्या शेजारी जेवायला बसू लागली. एकदा मी 'मीठ कमी आहे' म्हटलं, तर म्हणाली, "मज बरोबर लागतें," आणि जेवत राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त जळफळाट झाला, लपवत नाही. सत्तावीस वर्षं मी 'काय झालं' विचारतोय, आणि उत्तर 'कांही नाही'. तिथे मात्र बाईसाहेबांना पन्नास मिनिटं पुरत नाहीत!

पुढं एकेक जण भेंडीच्या पंक्तीत जाऊन बसला. शेजारचा शिंपी गेला. माझा सख्खा भाऊ गेला. मी बघत राहिलो. माझ्या मनात ऐकण्यासारखं काहीच नाही की काय? बाप हयातभर 'गोंदास काय कळतें' म्हणायचा. पन्नाशी उलटली तरी दुकानात हिशेब तपासणारा माणूस आला की मला तेच ऐकू येतं. ते मी कुठं नेऊन ओतायचं?

एका सकाळी पोत्यावर बसलेल्या अक्काला मी विचारलंच. "माझी पाळी कधीं? कोणताही वार चालेल."

ती हसता हसता थांबली. "तूं नको. तंजावरांत एक बाई आहेत, फार चांगल्या. नंबर देत्यें."

"कां? सगळी गल्ली घेतलीस, माझा भाऊ घेतलास, बायको घेतलीस. मजमध्येंच काय उणें आहे?" माझा आवाज चढला. खरं तर रडू येत होतं.

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"आई गेल्यापासून घरांत मराठी नाही, गोंदा. गल्लींत आपलीं इतकीं घरें, एकेक करून सगळीं खोलींत आलीं. त्यांचें भलें झालें, सेरी, ठीकच झालें, मज आनंद आहे. पण बाहेर मी त्यांस ओळख कशी दाखवूं? आतां तूं एकटा उरलास. तूंही आलास, तर सकाळीं मी हांक कोणास मारूं?"

मी पूड दळली, पुडी बांधली. रोजच्यासारखी पन्नास ग्रॅमचीच. बांधायला जरा वेळ लावला. अर्ध्या किलोचं नाव त्या दिवसापासून काढलं नाही. तंजावरच्या बाईंचा नंबर मात्र घेतला.

अक्का गेली आणि कावेरी डबा घेऊन आली. तिनं लांबूनच आम्हाला पाहिलं असावं.

"इतका वेळ काय बोलत होती अक्का तुम्हांजवळ? मजकडे तर देवळांत पाहतही नाही." तिच्या आवाजातला हेवा मी लगेच ओळखला. माझ्याच घरचा होता तो.

"कांही नाही," मी म्हणालो, आणि उद्याच्या पुडीसाठी चांगल्या बिया वेगळ्या काढून ठेवल्या.