चाळीस दारं आणि एक स्क्रू

सुताराच्या घरी न्हाणीघराच्या दाराच्या मुठीचा एक स्क्रू गळून पडला. बायकोने तो डबीत जपून ठेवला आणि रोज आठवण करून दिली. सुतार रोज "उद्या बघतो" म्हणाला. तोवर घरच्यांना युक्ती साधली होती. मूठ वर उचलायची, डावा गुडघा दाराला टेकवायचा, मग अलगद ओढायचं.

तीन महिन्यांनी एके दिवशी मुख्याध्यापक आले. वसतिगृहाच्या चाळीस दारांचं काम द्यायचं होतं, आणि पाच वाजता ते दुसऱ्या सुताराला भेटणार होते. वर्षभर हातावर हात ठेवून बसलेल्या आपल्या सुताराचा जीव टांगणीला लागला. नमुन्याचं दार चाचपताना सरांच्या बोटांना ओलं पॉलिश लागलं. ते हात धुवायला न्हाणीघरात गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. बायको कप हातात धरून जागीच थिजली.

साडेचारला आतून मूठ खडखडली.

"सर, मूठ वर उचला," सुतार म्हणाला, "आणि डावा गुडघा दाराला टेकवा."

"गुडघा कशाला?"

"सवय आहे दाराला."

आतून एक खटका ऐकू आला.

"मूठ माझ्या हातात आलीय," सर म्हणाले.

सुताराने बाहेरची मूठ फिरवली, ती नुसतीच गरगर फिरली. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. पटाशीचं पातं घालून दार उचकटावं तर फटच नव्हती. फट ठेवणाऱ्यांना तो जन्मभर नावं ठेवत आला होता. हा लहानपणापासून असाच आहे, हे त्याच्या आईने दारापलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. तेवढ्यात बाकावर सरांचा फोन वाजू लागला. दुसरा सुतारच असणार. बायकोने तो गुपचूप उशीखाली सारला.

"माझा फोन वाजतोय का?"

"शेजारचा हो," ती म्हणाली.

शेवटी सुताराने घण उचलला. दार ढिम्म हलेना. स्वतःच्या हाताने केलेल्या दाराला शिव्या घालत तो घाव घालत राहिला, आणि सव्वापाचला फळी फुटली.

सर केसांतल्या ढलप्या झटकत बाहेर आले. तुटलेल्या फळीची जाडी त्यांनी बोटाने मोजली.

"दार तुम्हीच केलंय?"

"हो," सुतार मान खाली घालून म्हणाला.

"अशीच चाळीस करा. मुठी मात्र मी दुसऱ्याकडून बसवून घेईन."

वसतिगृहाची दारं वेळेत झाली. सुताराच्या न्हाणीघराला तूर्त पडदा आहे. आत असलेल्याने खोकत राहायचं, ही युक्ती सगळ्यांना साधली आहे. पडद्याची एक कडी परवा निसटली, ती बायकोने त्याच डबीत ठेवली आहे.